माहितीचा गुंता : सभासद नेमके किती?

(संगणक आणि माहितीव्यवस्थांविषयी वाचकांच्या प्रश्नांचं सदर. सदरलेखिका विमा आणि बँकिंग क्षेत्रातल्या डेटाबेसवर काम करून निवृत्त झाल्या असून नेरूळला राहतात.)

प्रश्न : आमची नौपाड्यातली जुनी गृहनिर्माण संस्था. दोन विंग, 56 फ्लॅट. कमिटीने मेंटेनन्सच्या बिलांसाठी एक ॲप घेतलं आणि तेव्हापासून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं आहे. एक सभासद वारले. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव आहे, पण वारसांचं आपसात अजून ठरत नाही. ॲप त्यांच्याच नावाने बिल काढतं आणि 'प्रिय सभासद, थकबाकी त्वरित भरा' असा मेसेज त्यांच्याच फोनवर पाठवतं. तो फोन आता त्यांच्या पत्नीकडे असतो. तिसऱ्या मजल्यावर एकांनी शेजारचा फ्लॅट विकत घेऊन मधली भिंत पाडली. शेअर सर्टिफिकेटं दोन आहेत, पण बिल एकच द्यायचं असं कमिटीने मान्य केलं. ॲप ऐकत नाही म्हणून खजिनदार दर महिन्याला हाताने जुळवतात. आणखी एकांचा दोन्ही विंगमध्ये एकेक फ्लॅट आहे, ते वार्षिक सभेच्या हजेरीत दोनदा मोजले जातात. एका फ्लॅटमध्ये सभासदाचा सख्खा भाऊ राहतो, तर ॲप त्याला भाडेकरू धरून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (सभासद स्वतः राहत नसल्याचं शुल्क) लावतं. कंपनीवाले म्हणतात, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. आयटीतला भाचा म्हणतो, "मामा, यांचं कन्सेप्च्युअल मॉडेलच गंडलंय." हे काय प्रकरण आहे? आणि बँकेतून निवृत्त झालेला माझ्यासारखा माणूस त्यात काही करू शकतो का?
– मानद सचिव, नौपाडा, ठाणे

उत्तर : सचिवसाहेब, भाच्याचं निदान बरोबर आहे. फक्त 'गंडलंय' म्हणून तो मोकळा झाला, कुठे गंडलंय ते सांगायचं माझ्यावर आलं.

तुमच्या सोसायटीत सभासद किती, हे जरा तिघांना विचारून बघा. चेअरमन म्हणतील 56, कारण त्यांच्या लेखी फ्लॅट म्हणजे सभासद. खजिनदार म्हणतील 55, कारण त्यांच्या हातून तेवढी बिलं जातात, जोडफ्लॅटचं एकच. आणि तुम्ही स्वतः 'जे' फॉर्म, म्हणजे सभासदांची यादी, नीट भरलात तर आकडा 53 यायला हवा. जोडफ्लॅटवाले एकदा, दोन विंगवाले एकदा, आणि वारलेल्या गृहस्थांच्या जागी अजून कोणाला घेतलेलं नाही. तिघंही खरं बोलतायत. चेअरमन जागा मोजतात, खजिनदार कागद मोजतात, तुम्ही माणसं मोजता. ॲप लिहिणाऱ्याने मात्र या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत कोंबल्या : एक फ्लॅट, एक नाव, एक मोबाइल नंबर, एक बिल. बहुतेक फ्लॅटांच्या बाबतीत हे खपून जातं, म्हणून डेमोच्या दिवशी सगळं छान दिसलं असणार.

कन्सेप्च्युअल मॉडेल म्हणजे प्रोग्राम लिहायच्या आधी करायचा ठराव. आपल्या कारभारात कोणकोणत्या गोष्टी आहेत, त्यांचे एकमेकींशी संबंध काय, आणि कुठवर एखादी गोष्ट 'तीच' म्हणायची, एवढं त्यात ठरतं. त्याला संगणक लागत नाही. कागद, पेन्सिल आणि हुज्जत घालायची तयारी एवढं पुरतं.

तुमच्या ॲपमध्ये सगळ्यात मोठी चूक आहे ती 'सभासद' हा माणसाचा प्रकार मानण्याची. माणूस माणूस असतो. सभासद तो काही काळ असतो, एका संस्थेचा, एका ठरावानुसार. म्हणजे सभासदत्व ही माणूस आणि संस्था यांच्यामधली वेगळी नोंद झाली, तिला सुरुवातीची तारीख आहे आणि शेवटची तारीखही आहे. माणूस गेला की ही नोंद संपते. फ्लॅट संपत नाही, थकबाकीही संपत नाही. मग मधल्या काळात बिल कोणाच्या नावाने काढायचं? इथे कायदा ॲपच्या पुढे आहे, आणि कायदा करणाऱ्यांचं कौतुक माझ्या तोंडून सहसा निघत नाही. सहकारी संस्था कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता सभासद अशी व्याख्याच आहे : मूळ सभासदाच्या मृत्यूनंतर, वारसांना सभासद करून घेईपर्यंत, नॉमिनेशनच्या आधारे तात्पुरती घेतलेली व्यक्ती. वारलेल्या सभासदांच्या त्या मुलीसाठी खण तयार आहे, ॲपमध्ये तो कोणी केलाच नाही. सहसभासद आणि सहयोगी सभासद यांचेही वेगवेगळे खण त्याच कायद्यात आहेत. नवरा-बायकोच्या नावावरच्या फ्लॅटात मत कोणाचं, हा वाद सभेत होण्याआधी ते एकदा वाचून घ्या.

भावाचं प्रकरण छोटं आहे, पण मला त्यातच जास्त रस वाटला. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि सभासदाचे आईवडील, मुलं, भाऊ-बहीण असे जवळचे नातलग राहत असतील तर मुळीच लावता येत नाही. हा सरकारी आदेश 2001 पासून आहे. म्हणजे आकारणी करायला दोन प्रश्न विचारावे लागतात : सभासद स्वतः राहतो का, आणि राहत नसेल तर जो राहतो त्याचं सभासदाशी नातं काय. तुमच्या ॲपमध्ये बहुधा 'भाडेकरू : हो / नाही' अशी एकच टिकमार्कची चौकट असेल. दोन प्रश्नांना एका टिकमार्कने उत्तर द्यायला लावलं, की कोणाच्या तरी भावाला भाडेकरू व्हावंच लागतं.

आता जोडफ्लॅट. तो एक की दोन? इंजिनिअर मंडळी इथे हमखास भांडतात, कारण भिंतीकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. शेअर रजिस्टरच्या दृष्टीने ते दोन आहेत. पोस्टमनच्या दृष्टीने एक. महापालिकेच्या मालमत्ताकराची बिलं अजून दोन येत असतील, तर तिच्या दृष्टीने दोन. घरातल्या नातवाला विचाराल तर एकच घर, दोन स्वयंपाकघरं. 'एक वस्तू' कशाला म्हणायचं, हा प्रश्न आयबीएममधल्या विल्यम केंट यांनी 1978 साली एका आख्ख्या पुस्तकात खोदून काढला, आणि तो अजून कोणाला कायमचा मिटवता आलेला नाही. व्यवहारापुरतं माझं मत सांगते : दोन फ्लॅट दोनच ठेवा. वर 'एकत्र वापर' अशी तिसरी नोंद करा, अमुक तारखेपासून, अमुक ठरावाने, एकच बिल. उद्या त्यांनी भिंत परत बांधून एक फ्लॅट विकला, तर ती नोंद बंद करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. दोघांचा मिळून '301-302' नावाचा नवा फ्लॅट तयार केलात, तर विकायच्या वेळी जुने दोन कुठून काढणार?

तुम्ही काय करू शकता? बरंच. एका संध्याकाळी चेअरमन, खजिनदार आणि वॉचमनला घेऊन बसा. वॉचमन हवाच. कोणत्या दारामागे प्रत्यक्ष कोण राहतं हे कमिटीपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असतं, आणि त्याला कोणी विचारत नाही. मग साध्या मराठीत वाक्यं लिहा. 'प्रत्येक फ्लॅटला प्रत्येक वेळी निदान एक सभासद असतो.' 'एका सभासदाचे एकाहून जास्त फ्लॅट असू शकतात.' 'सभासदाला सभेत एकच मत असतं.' 'बिल फ्लॅटचं असतं, वसुली माणसाकडून होते.' प्रत्येक वाक्य तुमच्या अडचणीच्या प्रकरणांवर घासून बघा, सरळ प्रकरणांवर नको. पहिलं वाक्य त्या वारलेल्या गृहस्थांपाशीच पडेल. पडलं की दुरुस्त करा. नेदरलँड्सचे नायसेन यांनी सत्तरच्या दशकात अशी वाक्यांवर उभी असलेली पद्धत बसवली, पुढे ऑस्ट्रेलियातल्या टेरी हाल्पिन यांनी ती वाढवली. तिचा गाभा हाच : आधी वापरणाऱ्याच्या भाषेतली वाक्यं आणि खरीखुरी उदाहरणं, आकृती नंतर. बँकेत तुम्ही व्हाउचरं तपासलीत, तुम्हाला हे जमेल. एखाद्या नुकत्याच पास झालेल्या प्रोग्रामरपेक्षा कांकणभर बरंच जमेल.

ती वाक्यं कंपनीला पाठवा आणि विचारा, यातली कोणती तुमच्या ॲपमध्ये नोंदवता येतात? समोरचा माणूस डॅशबोर्डच्या रंगांबद्दल बोलायला लागला तर दुसरं ॲप बघा. तोवर 'आय' रजिस्टर, म्हणजे सभासदांची नोंदवही, हाताने लिहीत राहा, ऑडिटर आणि निबंधक ते मागतात, ॲप मागत नाहीत. आणि त्या माउलीच्या फोनवर जाणारा मेसेज आजच्या आज बंद करायला सांगा. नंबर काढून टाकायला नवं व्हर्जन लागत नाही.

प्रश्न : मी माहिती-तंत्रज्ञानात पीएच.डी. करते आहे. गाइडनी कन्सेप्च्युअल मॉडेलिंग हा विषय सुचवला. लॅबमधले सगळे हसतात. म्हणतात, ईआर डायग्राम, म्हणजे वस्तू आणि त्यांचे संबंध दाखवणारी आकृती, ही 1976 ची गोष्ट आहे, सेकंड इयरच्या जर्नलमध्ये काढून झाली. आता एआयला परिच्छेद दिला की मिनिटात आकृती मिळते. यात संशोधन करण्यासारखं खरंच काही उरलंय का?
– विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : एकेरीत लिहिते, चालेल ना?

लॅबमधल्या मंडळींचं साल बरोबर आहे. ईआर आकृती मांडणारे पीटर चेन तेव्हा एमआयटीत होते. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या डेटाबेसविषयक नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात, मार्च 1976 मध्ये, त्यांचा तो लेख आला. त्याआधी 1970 मध्ये आयबीएममधल्या कॉड यांनी सगळी माहिती तक्त्यांमध्ये मांडता येते हे दाखवलं होतं, आणि डेटाबेसच्या सुरुवातीच्या काळातले बाकमन तर त्याहीपूर्वी चौकोन आणि बाण काढत होते. चेन यांनी भर दिला तो वस्तू आणि संबंध वेगळे ठेवण्यावर. तक्ते कसे पडतील ते मागाहून. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद 1979 पासून भरते आणि अजून भरते. आपल्याकडे मुलांना 'नवाथे' आणि 'कोर्थ' ही पुस्तकांची नावं वाटतात. त्यातले शामकांत नवाथे जॉर्जिया टेकचे, आणि कोर्थच्या पुस्तकाचे तिसरे लेखक एस. सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीतले. पण पाठ्यपुस्तकात चौकोन-शंकरपाळे कसे काढायचे एवढंच येतं. काढलेली आकृती चांगली की वाईट हे कसं ठरवायचं, ते येत नाही. संशोधन तिथे सुरू होतं.

कॅनडातले यायर वँड आणि ऑस्ट्रेलियातले रॉन वेबर यांनी हा प्रश्न धसास लावला. त्यांनी मारियो बुंगे या तत्त्वज्ञाचा आधार घेतला. बुंगे मूळचे अर्जेंटिनाचे, मॉन्ट्रियलला शिकवायचे, आणि जगात काय काय 'असतं' याची त्यांनी काटेकोर मांडणी केली होती. वँड-वेबर म्हणाले, आकृतीतली चिन्हं एका बाजूला ठेवा, जगातल्या गोष्टी दुसऱ्या बाजूला, आणि जोड्या लावा. एका चिन्हाच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या, एका गोष्टीला दोन चिन्हं मिळाली, चिन्ह आहे पण गोष्टच नाही, किंवा गोष्ट आहे पण चिन्ह नाही, तर ती भाषा तिथे अडखळणार.

हे नुसतं तत्त्वज्ञान राहिलं नाही, त्याचे प्रयोग झाले. माझ्या आवडीचा आहे तो बोदार्त, पटेल, सिम आणि वेबर यांचा, 2001 चा. प्रश्न अगदी किरकोळ वाटेल असा : आकृतीत ऐच्छिक गुणधर्म दाखवावेत का? म्हणजे 'भाडेकरूचं नाव' हा रकाना भरला तर भरला, नाहीतर रिकामा. की 'स्वतः राहतात ते' आणि 'भाड्याने दिलेले' असे दोन उपप्रकार वेगळे काढावेत? त्यांच्या निष्कर्षाचा रोख असा, की वरवर ओळख करून द्यायची असेल तर ऐच्छिक गुणधर्म चालतात, आकृती आटोपशीर राहते. पण वाचणाऱ्याला खोलात शिरून प्रश्न सोडवायचे असतील तर उपप्रकार केलेलेच बरे. वरच्या नौपाड्याच्या पत्रावर लावून बघ. रिकामा रकाना म्हणजे भाडेकरू नाही, की माहीत नाही, की भाऊ राहतो? रकाना सांगत नाही. आणि 'सभासद' हा प्रकार की भूमिका, या वादावर काम हवं असेल तर जिअंकार्लो गुइझार्दी यांचा 2005 चा प्रबंध गाठ. जड आहे, पण एकदा वाचल्यावर कुठल्याही फॉर्मकडे पूर्वीच्या नजरेने बघता येत नाही.

एआयबद्दल माझं मत तुझ्या लॅबला आवडणार नाही. परिच्छेदातून ते आकृती काढतं, आणि बरेचदा बरी काढतं, यात वाद नाही. पण भिंत पाडलेली आहे हे परिच्छेदात कोणी लिहिलेलंच नसतं. संगणकशास्त्रज्ञ जॉन मायलोपुलोस यांनी 1992 मध्ये कन्सेप्च्युअल मॉडेलिंगचा हेतू समजून घेणं आणि एकमेकांना समजावणं असा सांगितला. चेअरमन आणि खजिनदार यांचं एकमत व्हायचं असेल तर आयती आकृती हाती देऊन भागत नाही. कोणता प्रश्न विचारला असता तर भिंतीचं कळलं असतं, आणि तो प्रश्न यंत्राला सुचेल का, हा मला प्रबंधाचा विषय वाटतो. मोजता येण्यासारखा आहे आणि अजून सुटलेला नाही.

क्षेत्र शोधायला लांब जाऊ नकोस. ऐरोलीहून वाशीचा बाजार कितीसा लांब? आंब्याच्या दिवसांत पहाटे फळबाजारात जा आणि एका पेटीच्या मागे लाग. पेटी म्हणजे खोका. भाव सांगताना पेटी हे एककही असतं, आणि आत फळाच्या आकाराप्रमाणे चार डझन निघतील, पाच निघतील, सहाही निघतील. खोक्यावर बागायतदाराचं नाव असतं, गाळ्यावर आडत्याचं. पेटी फोडून आंबा निवडला, मोठा एकीकडे, लहान दुसरीकडे, आणि दुसऱ्या खोक्यात भरला. आता ही पेटी कोणाची? हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडबरोबर आपला ठाणे जिल्हा आणि पालघरही आहे. फळ कुठून आलं हे ग्राहकाच्या हातापर्यंत सिद्ध करायचं, तर खोक्यावर क्यूआर कोड चिकटवून चालणार नाही. पेटी फुटल्यावर काय टिकतं आणि काय संपतं, हे आधी मांडायला लागेल. बागायतदार, आडते, माथाडी आणि किरकोळ विक्रेते यांच्याकडून चार वेगळी मॉडेलं काढून घे आणि ती कुठे जुळत नाहीत ते बघ. गाइडना विचार, मला वाटतं ते खूश होतील. बाजारात जाताना चपला चांगल्या घालू नकोस एवढंच.

प्रश्न : मी घरगुती जेवणाचे डबे पुरवते. ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये आहे. पत्त्यांचा फार घोळ होतो. 'सेक्टर 10' म्हणून डबा एकीकडे जायचा तर दुसरीकडे पोचतो. यादी कशी लावावी?
– गृहिणी-उद्योजिका, कोपरखैरणे

उत्तर : सिडकोने नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या प्रत्येक उपनगरात, सेक्टरचे आकडे नव्याने सुरू केले. वाशीला सेक्टर 10 आहे, नेरूळला आहे, तुमच्या कोपरखैरण्यालाही आहे. नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, नोडचं नाव जोडलं तरच तो ओळख देतो. चेन यांच्या आकृतीत अशा परावलंबी गोष्टीला दुहेरी रेघेचा चौकोन असतो. तुम्हाला चौकोन नको, एक कॉलम पुरे. 'नोड' आणि 'सेक्टर' असे दोन वेगळे कॉलम करा, आणि नोडचा कॉलम रिकामा राहिला तर ओळ लाल होईल असं एक्सेलला सांगा. नोडचं नाव हाताने टाइप करू नका, यादीतून निवडा, नाहीतर कोपरखैरणे चार प्रकारे लिहिलं जाईल.

उलटा घोळही सांभाळा. कोणी 'सीवूड्स सेक्टर 44' लिहितं, कोणी 'नेरूळ सेक्टर 44'. जागा तीच. म्हणून निवडायच्या यादीत दोन्ही नावं ठेवा, पण शेजारच्या कॉलममध्ये दोघांसमोर 'नेरूळ' लिहा आणि डबे लावताना त्या कॉलमवर लावा. ग्राहकाची ओळख म्हणून फोन नंबर वापरत असाल तर तेवढं थांबवा. एका फोनवरून सासूबाईंचा बिनमिठाचा आणि सुनेचा नेहमीचा असे दोन डबे येतात, आणि नंबर तर लोक बदलतातच. प्रत्येक डब्याला आपला स्वतःचा क्रमांक द्या, ऑर्डर देणारा आणि खाणारा असे दोन कॉलम करा, पैसे पहिल्याकडून घ्या आणि मीठ दुसऱ्याला विचारून घाला.